चार पूर्णांक दोन मिलिमीटर आखूड

गेली सतरा वर्षं मी रिमोटवर उडणाऱ्या विमानांचे प्लास्टिकचे सुटे भाग बनवतो. आमची ही, संध्या, तिच्याकडच्या नातेवाइकांना सांगते, "हे विमानाचे पार्ट बनवतात," आणि तिथेच थांबते. मग एखादे काका आवाज खाली आणून विचारतात, "संरक्षण खात्याचं काम असेल, नाही?" मी त्यांना वाघोलीच्या शेडवर बोलावतो. तिथे त्यांना पेढ्यांच्या खोक्यातले खणांचे ट्रे दिसतात, केकची झाकणं दिसतात आणि एका कोपऱ्यात, मांडणीवर, विमानांची नाकं आणि काचा. काका चहा पिऊन जातात आणि पुढच्या लग्नात माझ्याशी कमी बोलतात.

धंदा समजायला सोपा आहे. दिवाळीत तुम्ही मिठाईचा बॉक्स उघडता, त्यात काजूकतलीसाठी पातळ प्लास्टिकचे खण असतात. ते ज्या पद्धतीने होतात, त्याच पद्धतीने माझी विमानाची झाकणं होतात. लाकडाचा किंवा प्लास्टरचा साचा करायचा. एक मिलिमीटरची प्लास्टिक शीट चौकटीत अडकवून हीटरखाली धरायची. शीट आधी सुरकुतते, मग ताणून ढोलकीसारखी घट्ट होते, मग तिच्या मध्यावर झोळ पडतो. झोळ दोन बोटं खोल झाला की चौकट झटकन साच्यावर दाबायची आणि खालून पंपाने हवा ओढायची. शीट साच्याला घट्ट चिकटते. वीस सेकंदांत गार होते. झोळ कमी पडला तर कोपरे भरत नाहीत, जास्त पडला तर चुण्या पडतात. सगळं कौशल्य त्या चार-पाच सेकंदांत आहे. बाकी सगळं मोजमाप आहे, आणि मोजमाप हा माझा प्रांत.

ही विमानं म्हणजे पोरखेळ नव्हे. पंखांचा पसारा सात फूट, वजन पाच किलो, वेग मोटरसायकलपेक्षा जास्त. ती बहुतेक परदेशातून सुट्या भागांच्या पेटीत येतात, इथे जोडली जातात आणि आज ना उद्या आपटतात. आपटली की आधी नाक जातं आणि त्यामागचं झाकण जातं. तोपर्यंत ती पेटी बनवणारी कंपनी बंद तरी पडलेली असते, नाहीतर दुसरं मॉडेल काढून बसलेली असते. मग लोक माझ्याकडे येतात. दातांचे डॉक्टर भागवत एकदा चादरीत गुंडाळलेलं विमान घेऊन आले आणि शेडच्या दारातून म्हणाले, "पेशंट आणलाय. श्वास चालू आहे, पण चेहरा गेलाय." हडपसरच्या एका गृहस्थांनी तळहाताएवढा तुकडा आणला आणि म्हणाले, "उरलेलं तुम्ही अंदाजाने करा."

"अंदाजाने मी भाजीत मीठसुद्धा घालत नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं. तुटका भाग आला की मी त्याचे तुकडे आतून चिकटपट्टीने जोडतो, आतल्या बाजूने प्लास्टर ओततो आणि साचा काढतो. बाहेरून साचा घेतला तर नवा भाग शीटच्या जाडीएवढा मोठा होतो. नवशिके ही चूक करतात, मी करत नाही. प्रत्येक साच्याला रजिस्टरमध्ये एक पान. त्यावर आलेल्या नमुन्याची मापं, एक दशांश मिलिमीटरपर्यंत, आणि नमुन्यावरची प्रत्येक बारीक खूण. कंपनीचा शिक्का, उंचवटा, खळगा, सगळं नव्या भागावर आलं पाहिजे. गिऱ्हाइकाने मूळ भाग आणि माझा भाग शेजारी ठेवले तर त्याला ओळखता येता कामा नये, ही माझी प्रतिज्ञा. म्हणून मी भागांवर माझं नाव घालत नव्हतो. नाव घातलं की तो नकली झाला.

आता गजभियेंबद्दल. प्रल्हाद गजभिये मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी मोजणी कार्यालयात नकाशे काढणारे म्हणून पुण्यात आले, इथेच निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीत राहिले. वय सदुसष्ट. पस्तीस-चाळीस वर्षं पुण्यात काढूनही बोलण्यात तिकडचं 'करून राहिले' शिल्लक. आमचा जो छोटासा क्लब आहे, तो लोणी काळभोरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या पडीक पट्ट्यावर दर रविवारी विमानं उडवतो. गजभिये त्याचे उड्डाणप्रमुख. मैदानाभोवती त्यांनी फक्कीची पांढरी रेघ मारून घेतली होती. रेघेपलीकडे शेतात माणसं काम करतात, म्हणून विमान रेघेपलीकडे नेणाऱ्याला सहा महिने उडवायला बंदी. या नियमाखाली त्यांनी आयटीतली दोन बडी माणसं घरी बसवली होती. एकाने वाद घातला, "सर, दोन फूटच तर गेलं." गजभिये म्हणाले, "दोन फूट म्हणजे एका माणसाची रुंदी होते बाप्पा. मोजून पाहा." हा माणूस मला फार आवडायचा.

त्यांचं एक पिवळं विमान होतं, लाल शेपटीचं. त्याच्या नाकामागचं काळ्या पट्ट्याचं झाकण बॅटरीवर बसतं. झाकणाच्या पुढे पाच मिलिमीटर लांबीची प्लायवूडची एक जीभ चिकटवलेली असते. ती विमानाच्या अंगातल्या फटीत सरकवायची आणि मागचा खटका दाबायचा. टक् आवाज आला की झाकण बसलं. जीभ कुठे चिकटवायची, ती जागा मी साच्यातच उमटवून देत असे. त्या खुणेपासून मागच्या खटक्याच्या भोकापर्यंत अंतर दोनशे ऐंशी मिलिमीटर.

फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे नऊ. मी तिथे होतो. गजभियेंनी नेहमीप्रमाणे झाकण दाबलं, हलवून पाहिलं, विमान उलटं करून झटकलं. पक्कं होतं. त्यांनी ते वर नेलं, दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वळणावर विमान आमच्यापासून लांब, सूर्याच्या बाजूला असताना त्याचं नाक एकदम खाली झालं. मला मनातल्या मनात आकडे मोजायची सवय आहे. तीन म्हणेपर्यंत ते रेघेपलीकडच्या कांद्यात गेलं.

कांद्यात एक बाई खुरपत होत्या.

आम्ही सगळे धावलो. बाई बसलेल्या होत्या, खुरपं हातात तसंच, आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर वाफ्यात विमानाचं नाक पार रुतलेलं. मी टेप काढला आणि अंतर मोजलं. दोन मीटर सत्तर सेंटिमीटर. का मोजलं, मला सांगता येत नाही. हात आपोआप खिशाकडे गेला.

"आवो, घार पडली वाटलं मला," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव सुमनबाई, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोघं-तिघं हसले, घाबरल्यावर हसतात तसे. गजभिये हसले नाहीत. ते वाफ्यात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या बाईंच्या पायांना हात लावला. बाई पाय मागे घेत राहिल्या.

परत येताना क्लबमधलं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "वळण घेताना उशीर झाला त्यांना. वय झालं, दुसरं काय." गजभियेंनी ते ऐकलं. त्यांनी रिमोट क्लबच्या लोखंडी पेटीत ठेवला, पेटीची किल्ली भागवतांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सहा महिने नाही. कायमचं. हात गेला माझा." विमानाचे तुकडे आम्ही पोत्यात भरले. त्यात झाकण नव्हतं. पण नाकाचाच चुरा झाला होता, त्यामुळे झाकणाचे तुकडे मातीत गेले असतील, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

एप्रिलमध्ये मी वर्षाचा कांदा घ्यायला त्याच शेतावर गेलो. मी दरवर्षी चाळीस किलो घेतो, बसका, लहान, टिकणारा. सुमनबाई घरामागे कांदा निवडत होत्या. माझी गोणी भरेपर्यंत मी कोंबड्यांकडे पाहत उभा राहिलो. चार कोंबड्या एका पिवळ्या भांड्यातून पाणी पीत होत्या. भांडं लांबट होतं. त्याला काळा पट्टा होता.

ते गजभियेंचं झाकण होतं. उलटं ठेवलेलं, अखंड, कुठेही तडा नाही.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याच दिशी. इमान पडलं, तुमी सगळे पळत येत हुता. मंग वरनं हे आलं, पतंगावानी गरगरत. त्या बांधापाशी पडलं."

"विमान पडल्यानंतर?"

"नंतरच. आधी आलं असतं तर मी वर बगितलं नसतं का?"

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"मला कुणी इचारलं का?" त्या कांदा निवडता निवडता म्हणाल्या. "त्ये म्हातारं पाया पडत हुतं, बाकीची मानसं इमानाभवती. तुमी तर पट्टी घिऊन मोजत हुता."

मी झाकण उचलून पाणी ओतून दिलं. मागच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ओरखडा होता. विमानाची शेपटी लाल. म्हणजे झाकण हवेतच निघालं, मागे जाऊन शेपटीवर आदळलं, शेपटीची हलणारी फळी अडकली आणि विमान खाली आलं. त्या क्षणी जगातल्या कुठल्याही हाताने ते सावरलं नसतं.

"घेऊन चाललात?" सुमनबाई म्हणाल्या. "मंग माझ्या कोंबड्यास्नी दुसरं हाय का?" मी त्यांना गाडीतला केकचा ट्रे दिला. त्यांनी तो वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्ये पातळ हाय."

वाघोलीला येईपर्यंत माझ्या मनात एकच विचार होता: गजभियेंनी जीभ चुकीच्या जागी चिकटवली असेल. हे मी आज लिहितो आहे म्हणून लिहितो. तेव्हा मला तसं वाटून बरं वाटत होतं. शेडवर व्हर्नियर लावला. जीभ अगदी माझ्या खुणेवर होती, केसाचाही फरक नाही. नकाशे काढणाऱ्याचं काम. मग मी जिभेपासून खटक्याच्या भोकापर्यंत मोजलं. दोनशे पंच्याहत्तर पूर्णांक आठ.

मी व्हर्नियर पुसला, शून्य तपासलं आणि पुन्हा मोजलं. दोनशे पंच्याहत्तर पूर्णांक आठ.

दोनशे ऐंशी हवे होते. चार पूर्णांक दोन कमी. जीभ पाच मिलिमीटरची. म्हणजे ती फटीत पाच मिलिमीटर नव्हे, फक्त शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर आत जात होती. व्हिजिटिंग कार्डं तीन एकावर एक ठेवली तर होईल एवढी. जमिनीवर हलवून पाहिलं तर पक्कं वाटणार, कारण मागचा खटका घट्ट होता. वर गेल्यावर हवा झाकणाला उचलते. तिथे एवढ्याने भागत नाही.

मी रजिस्टर काढलं. या झाकणाची तीन पानं होती, तीन वेगवेगळ्या वर्षांतली. पहिलं पान: नमुना गजभिये यांचा, माप दोनशे ऐंशी पूर्णांक शून्य. तो साचा शनिवार पेठेतल्या जुन्या गाळ्यातून वाघोलीला सामान हलवताना फुटला. दुसरं पान: नमुना डॉ. भागवत यांचा, त्यांच्याकडेही तसलंच विमान. माप दोनशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा. तोही साचा पंचवीसेक शीटनंतर झिजला. प्लास्टरचे साचे झिजतातच. तिसरं पान, गेल्या वर्षीचं: नमुना पुन्हा गजभिये यांचा, माप दोनशे सत्त्याहत्तर पूर्णांक दोन.

गरम प्लास्टिक गार होताना आक्रसतं. माझ्या शीटला हजाराला पाच. दोनशे ऐंशीला एक पूर्णांक चार. हे मला सतरा वर्षं पाठ आहे. एवढं चालतं, पाचाची जीभ साडेतीन आत गेली तरी पुरते, म्हणून मी ते सोडून देत असे. पण हे एकदाच होणार असेल तर. मूळ भागावरून साचा, साच्यावरून माल, संपलं.

दुसऱ्या पानावर माझ्या अक्षरात एक ओळ होती: "डाव्या बाजूस टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. कंपनीची खूण दिसते. राखणे." तिसऱ्या पानावरही तेच: "खळगा राखणे." पहिल्या पानावर खळग्याचा उल्लेख नव्हता. आणि मी पहिल्या पानावर असा खळगा लिहायचा सोडला असेल, हे शक्य नाही.

तो खळगा कंपनीचा नव्हता. पहिल्या साच्याच्या प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता, त्याचा तो खड्डा. भागवतांनी आणलेलं झाकण मूळ नव्हतंच. त्यांनी ते गजभियेंकडून घेतलं होतं आणि गजभियेंनी माझ्याकडून. मी माझ्याच मालावरून साचा काढला होता. मग त्या मालावरून पुन्हा. माझाच बुडबुडा मी दोन वेळा जपून, कौतुकाने, अस्सलपणाची खूण म्हणून उतरवून घेतला होता. आणि प्रत्येक वेळी झाकण एक पूर्णांक चारने आखूड होत गेलं होतं. ओळखू येऊ नये असा भाग बनवायची माझी प्रतिज्ञा पूर्ण झाली होती. मला स्वतःला ओळखू आला नाही.

तिन्ही मापं बरोबर होती. कुठेही खाडाखोड नव्हती. दोनशे ऐंशी, दोनशे अठ्ठ्याहत्तर सहा, दोनशे सत्त्याहत्तर दोन. एखाद्या शाळकरी मुलाने ती एकाखाली एक लिहिली असती तरी त्याला दिसलं असतं. मी ती तीन पानांवर लिहिली होती आणि पान उलटताना मागे पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो. हीटर चालू राहिला होता, चौकटीत शीट होती. ती जळून भोक पडेपर्यंत मला वास आला नाही.

तिसऱ्या साच्यावरून मी चौदा झाकणं काढली होती. त्याच दुपारी मी फोन करायला घेतले. "झाकण सदोष आहे, उडवू नका, परत द्या, नवीन देतो." नाशिकचे, कोल्हापूरचे, दोघं मुंबईचे. सातारच्या एका सद्गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, आमचं विमान कपाटावर आहे. तुमचं झाकण बसवलं तेव्हापासून. कपाटावर असताना धोका आहे का?" मी म्हणालो, नाही. "मग राहू दे. आमच्या हिच्या डोक्यावर पडलं तर कळवतो."

तेरा फोन झाले. संध्या शेजारच्या टेबलावर ट्रे मोजून पिशव्यांत भरत होती. ती म्हणाली, "चौदावा?"

"चौदावं गजभियेंचं. ते पडलंच आहे. त्यांना आता काही धोका नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय बोललात ते तुम्हाला ऐकू आलं का?"

मला ऐकू आलं होतं. तरी मी गेलो नाही. परक्या तेरा माणसांना मी एका दुपारी माझी चूक सांगितली आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगायला मला अकरा दिवस लागले. रोज एक कारण मिळत होतं. नवीन साचा करून मगच जाऊ. प्लास्टर वाळू दे. गुरुवारी त्यांना दवाखान्यात जायचं असतं. मनात असंही येत होतं की, त्यांनी उडवणं सोडलंच आहे, घरचेही निर्धास्त आहेत. आता सांगून कुणाचं काय भलं होणार? पुढच्या रविवारी क्लबमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा हा भाग मी तिथे गाळला. त्या दिवशी रागावलं कुणी नाही. भागवत एवढंच म्हणाले, "आमच्यात याला कवळी सैल झाली म्हणतात. पेशंटची चूक नसते." पण क्लब नंतर. आधी विश्रांतवाडी.

बाराव्या दिवशी सकाळी मी पिशवीत झाकण, रजिस्टर आणि व्हर्नियर घेऊन त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो. दार वत्सलाताईंनी उघडलं, गजभियेंच्या पत्नी. "या, या. आत बसलेत. रेघा ओढून राहिले."

गजभिये टेबलाशी बसले होते. समोर वही, हातात पेन्सिल, पट्टी लांब ठेवलेली. ते नुसत्या हाताने सरळ रेघ ओढत होते. पानावर वर तारीख, खाली एकच रेघ. मागे चाळलं तर प्रत्येक पानावर एक, फेब्रुवारीपासून.

"सरळच तर आहेत," मी म्हणालो.

"पट्टी लावून पाहा," ते म्हणाले. "मधात पोट दिसते. पूर्वी येत नव्हतं. काय मोहोळकर, आज काय काढलं?"

मी झाकण टेबलावर ठेवलं. काय झालं ते सांगितलं, सुमनबाईंच्या कोंबड्यांपासून सांगितलं. तीन पानं उघडी करून ठेवली. बोलताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, आकड्यांकडे पाहत होतो. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या हातातला व्हर्नियर घेतला आणि स्वतः मोजलं. मग दुसऱ्यांदा मोजलं. मग खळग्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे हवेत निघालं," ते म्हणाले.

"हो."

"हात नव्हता."

"नाही. हात नव्हता. माझं माप होतं."

मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. खरं सांगतो, मी थोडा त्या आशेवरच गेलो होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. वत्सलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी समजलं?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा," त्या म्हणाल्या. "सोमवारी यांनी स्कूटर देऊन टाकली. पुतण्याला. 'मी चालवलं तर कोणाला तरी मारीन' म्हणे. चष्मा तीनदा तपासून झाला. डोक्याचा फोटो काढून झाला. डॉक्टर म्हणतात काहीच नाही, हे म्हणतात डॉक्टरला दिसत नाही." त्या थांबल्या. "आणि पोराला घेत नाहीत. दहा महिन्यांचा नातू आहे घरात. फेब्रुवारीपासून एकदा कडेवर घेतलं नाही यांनी. तो यांच्याकडे हात करते, हे खुर्ची सोडून आत निघून जातात."

मी इतके दिवस फक्त विमानाचा विचार करत होतो. एक माणूस विमान उडवणार की नाही, एवढंच माझ्या हिशेबात होतं. स्कूटर नव्हती. ते मूल तर नव्हतंच. मी सवयीने मनात आकडा मांडायला गेलो, फेब्रुवारीचे उरलेले दिवस, मार्च, एप्रिल, आणि मध्येच थांबलो, कारण त्यातले शेवटचे अकरा प्लास्टिकने आक्रसून झालेले नव्हते. ते मी केले होते.

"माफ करा," मी म्हणालो. तो शब्द त्या खोलीत फारच आखूड पडला.

गजभियेंनी उजवा हात टेबलावर आडवा धरला, बोटं पसरून. आम्ही तिघंही त्या हाताकडे पाहत राहिलो. तो किंचित थरथरत होता. रागाने की वयाने की आमच्या पाहण्याने, ते सांगणारं माप माझ्या पिशवीत नव्हतं.

"आता मले कसं समजावं?" ते म्हणाले. "तुमचा आकडा बरोबर आहे. पण दोन महिने मी याला खराब म्हणून राहिलो. आता तुम्ही म्हणता चांगला आहे. याने कोणाचं ऐकायचं?"

वत्सलाताई आत गेल्या आणि बाळाला घेऊन आल्या. झोपेतून उठवलेलं होतं, एका गालावर उशीची घडी उमटलेली. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. "धरा. मला कणीक मळायची आहे," म्हणाल्या, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वळून गेल्या. कणकेची परात मात्र वाजली नाही. त्या दारामागेच उभ्या होत्या.

गजभियेंचे दोन्ही हात बाळाच्या दोन्ही बाजूंना हवेत राहिले. बाळाने त्यांच्या शर्टाचं बटण पकडलं. मग हळूहळू हात जवळ आले आणि बाळाभोवती बंद झाले. ते उठले.

"मोहोळकर, जाऊ नका," ते म्हणाले. मैदानावर नवख्या माणसाला सांगायचे तोच आवाज. "मागे उभे राहा. बाजूला नको, मागे. हात माझ्या हातांखाली धरा, मी टाकलं तर झेलायला."

मी रजिस्टर खाली ठेवलं आणि त्यांच्यामागे उभा राहिलो, दोन्ही तळवे वर करून, त्यांच्या कोपरांखाली. ते चालू लागले. दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत, वेताच्या मोढ्याला वळसा घालून, टीव्हीच्या वायरीवरून पाय उचलून. मी त्यांच्या पावलांमागे पावलं टाकत होतो. बाळ त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होतं, हा कोण वाकून चाललाय म्हणून. या वेळी मी काहीही मोजत नव्हतो.

गॅलरीच्या कठड्याशी ते थांबले. खाली रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती. त्यांनी बाळाला ती दाखवली. बराच वेळ दाखवली. मग मान न वळवता मला म्हणाले, "आता तुम्ही हात खाली घ्या."